तीन ठिकाणी

"रक्त नंतर पूस. आधी सांग, तुला हे सांगितलं कुणी?"

मी ग्रंथालयाच्या दारात पोचलो तेव्हा पुरावाबाई एका मुलाच्या फुटलेल्या नाकावर ओला रुमाल दाबून धरत होत्या आणि त्याच वेळी दुसऱ्याची उलटतपासणी घेत होत्या. दुसऱ्याच्या मुठीची सालं निघाली होती. एक खुर्ची पाय मोडून पडली होती आणि बाकीचा वर्ग संगणकांच्या आडून मजा बघत होता. मारामारी झाली की मला बोलावतात. खेळाचा शिक्षक म्हणजे शाळेचा हवालदार, असा आमच्याकडे जुना समज आहे.

"ग्रुपवर आलंय, बाई," मुठीवाला म्हणाला. "ह्यानंच माझी चुगली हेडसरांकडे केली."

"ग्रुपवर कुणी टाकलं?"

"माहीत नाही. फॉरवर्ड होतं."

"म्हणजे ज्याचं नावगाव तुला माहीत नाही, त्याच्या शब्दावर तू शेजारी बसणाऱ्या पोराचं नाक फोडलंस. शाबास! उद्या कुणी लिहिलं, ह्या बाईला शिंगं आहेत, तर चाचपून बघायला येशील?"

वर्ग हसला. नाक फुटलेलाही हसला, आणि त्याचं रक्त पुन्हा सुरू झालं.

"मग आपण काय करायचं असतं?" बाईंनी टेबलावर पट्टी आपटली.

सगळे एका सुरात ओरडले, "कोण म्हणतंय! कधीचं आहे! तीन ठिकाणी बघा!"

पुरावाबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं. खऱ्या त्या ग्रंथपाल. पुस्तकं वाचणारे घटले, कपाटांना पाठ लावून संगणक येऊन बसले, आणि वेळापत्रकात एक नवा तास आला, इंटरनेटवरची माहिती खरी की खोटी ते कसं ओळखावं. तो कुणालाच नको होता म्हणून बाईंच्या गळ्यात पडला. आम्हाला वाटलं, बिचारीच्या गळ्यात धोंड पडली. बाईंनी ती दागिन्यासारखी मिरवली.

त्या कशावरच विश्वास ठेवत नसत. शिक्षकांच्या खोलीत कुणी म्हणालं, चहात साखर नाही, तर विचारायच्या, "ढवळून बघितलात?" कुणी म्हणालं, हेडसर आज तापलेत, तर, "तुम्ही स्वतः ऐकलंत, की शिपायानं सांगितलं?" भल्याभल्यांना त्या नकोशा वाटत. मला आवडत. मी जन्मभर पोरांना "पळा" म्हणत आलो, ही एकटी बाई त्यांना "थांबा" म्हणत होती. शिवाय आम्ही डबा एकाच टेबलावर खायचो.

घरी त्यांना एकच माणूस, भाचा. धाकटी बहीण बाळंतपणातून उठली नाही, तिचं पोर बाईंनी पदरात घेतलं आणि स्वतःच्या लग्नाचा विषय कायमचा मिटवला. लहानपणी तो मावशीच्या मागेमागे शाळाभर फिरायचा, म्हणून त्याला सगळे शेपट्या म्हणायचे. बाईंच्या तासाला त्याच्यासारखा दुसरा मुलगा झाला नाही. एकदा धरण फुटल्याचा फोटो सगळ्या मोबाईलवर फिरला आणि लोक गाठोडी बांधून रस्त्यावर आले. शेपट्या तेव्हा नववीत होता. तो फोटो भलत्याच धरणाचा आणि कित्येक वर्षांपूर्वीचा आहे हे त्याने ग्रंथालयात बसून शोधून काढलं आणि चौकात बाकड्यावर उभं राहून सगळ्यांना दाखवलं. लोक घरी परतले. बाई त्या दिवशी माझ्यासमोर रडल्या होत्या.

पुढे त्याचं शिक्षणात मन लागलं नाही. शाळेच्या फाटकासमोर त्याने पंक्चरचं दुकान टाकलं. पण चौकातल्या लोकांना सवय लागली ती लागलीच. काही आलं की मोबाईल घेऊन शेपट्याकडे. त्याचे हात ग्रीसने काळे असायचे, म्हणून मोबाईल दुसऱ्यानेच धरायचा, सरकवायचाही दुसऱ्यानेच, हा नुसता बघायचा. "शेपट्यानं बघितलंय" म्हटलं की विषय संपला. बाई म्हणायच्या, "सर, माझा एक तरी विद्यार्थी पास झाला."

तर ग्रंथालयातल्या मारामारीच्या त्या दिवशी सकाळी मैदानाच्या कुंपणाबाहेर एक माणूस उकिडवा बसला होता. हातात लोखंडी सळई, तिचं एक टोक रस्त्यावर टेकवलेलं, दुसऱ्या टोकाला लाकडी वाटी, आणि ती वाटी त्याने कानाला लावलेली. डोळे मिटलेले. मी म्हटलं, हे काय नवीन सोंग!

"काय ऐकताय?"

"पाणी," तो म्हणाला. "पाणीखात्याचा माणूस आहे मी, सर. खाली नळ फुटलाय कुठंतरी. तुमच्या शाळेला पाणी कमी येतंय ना?"

येत होतंच. त्याने वाटी माझ्या कानाला दिली. मला माझाच दम ऐकू आला. तो हसला, म्हणाला, सवय लागते. तेवढ्यात पहिलीतली एक पोरगी दप्तर सावरत थांबली आणि "मला पण" म्हणून हटून बसली. त्याने तिच्या कानाला वाटी लावली आणि डोकं हलू नये म्हणून वर तळहात ठेवला.

"आत कुणीतरी शू म्हणतंय!" ती किंचाळली.

"तेच ते!" तो एवढा खूश झाला की तिच्याकडे बघून टाळी वाजवली त्याने. "सापडलं! ह्याच रेषेत आहे." खुणेसाठी खडू आणायला तो खात्याच्या कचेरीत गेला. मी घंटेच्या आधी पोरांना आत हाकलायला लागलो. ती पोरगी, ती सळई आणि तिच्या डोक्यावरचा तो हात, ह्याचा फोटो रस्त्यापलीकडून कुणीतरी काढला होता, हे तेव्हा आम्हा कुणालाच कळलं नाही.

मधल्या सुट्टीत गणिताच्या सरांनी मोबाईल पुढे केला. "बघितलंत का? आपल्या फाटकाशी!"

फोटो तोच. खाली लिहिलं होतं, मुलं पळवणारी टोळी शहरात शिरली आहे, सळईच्या वाटीला गुंगीचं औषध लावलेलं असतं, ती कानाला लावताच मूल बेशुद्ध पडतं, पोलिसांनीही दुजोरा दिला आहे, दिसताक्षणी पकडा.

मी मोठ्याने हसलो. "अहो, हा पाणीखात्याचा माणूस! ती वाटी मी स्वतः कानाला लावली सकाळी. बेशुद्ध दिसतोय का मी?"

"पण तीन ठिकाणी आहे, सर," गणिताचे सर म्हणाले. "आमच्या इमारतीच्या ग्रुपवर, बाजाराच्या पानावर आणि त्या बातम्यांच्या पानावरसुद्धा."

बाईंनी त्यांच्या हातातून मोबाईल काढून घेतला. एक पान बघितलं, दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. मग पहिल्यावर परत आल्या. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हे बोट बघा," त्या म्हणाल्या. फोटोच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं बोट आलं होतं, अस्पष्ट, गुलाबी. "तिन्हीकडे हेच बोट. मजकूरही शब्द न शब्द तोच. ही तीन ठिकाणं नाहीत हो, सर. एक जण ओरडला आणि दोघांनी तेच ओरडून दाखवलं."

"म्हणजे खोटं. झालं तर," मी म्हटलं.

"मी पोरांना हे शिकवलंच नाही." बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. "तीन ठिकाणी बघा म्हटलं. त्या तिघांनी एकाचंच ऐकलेलं असलं तर काय करायचं, ते नाही सांगितलं."

बाहेर आरडाओरडा सुरू झाला होता. कुणीतरी "धरा, धरा" म्हणत होतं.

"शेपट्या," बाई म्हणाल्या, आणि पळाल्या. त्यांना पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुकानासमोर काय घडलं होतं ते मला मागाहून समजलं. लोकांनी नेहमीप्रमाणे मोबाईल शेपट्यापुढे धरला. त्याने ट्यूब खाली ठेवली, एक पान बघितलं, दुसरं दाखव म्हणाला, तिसरं दाखव म्हणाला. मग म्हणाला, "खरं आहे." एवढंच. आणि त्या पाणीखात्याच्या माणसाचं दैव असं की तो नेमका त्याच वेळी सळई आणि खडू घेऊन खूण करायला आला. फुटलेला नळ दुकानाच्या समोरूनच जात होता.

मी कोपर मारत आत घुसलो. त्याच्या अंगावर सदरा राहिला नव्हता. एकाने केस धरले होते, दुसरा लाथा घालत होता, आणि जिच्याकडून मी रोज भाजी घेतो ती बाई चपलेने त्याच्या तोंडावर मारत होती. रडत रडत मारत होती. तिला लहान नात आहे. कुणीतरी त्याच्या गुडघ्यावर वीट घातली. हाड मोडल्याचा आवाज मी मैदानावर दोनचारदा ऐकला आहे, मला तो ओळखता येतो. गळ्यातलं ओळखपत्र त्याने दोन्ही हातांनी वर धरलं होतं.

"बघा ना, साहेब! पाणीखातं! बघा, फोटो आहे माझा!"

"असली कार्डं कुणीही छापतं!" एक जण ओरडला आणि त्याने ओळखपत्राची फीत मागून खेचली. तो माणूस घुसमटला. ओरडणारा आमच्याच शाळेतून गेलेला होता. खोटं ओळखपत्र किती सहज तयार होतं, ते बाईंनी त्याच्या वर्गाला पडद्यावर करून दाखवलं होतं.

"सोडा त्याला!" मी ओरडलो. "अरे, मी ओळखतो ह्याला! सकाळी बोललोय मी त्याच्याशी!"

"पुरावा काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

आणि गर्दी हसली. माणूस मरत होता आणि ती हसली. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

मी शिट्टी फुंकली. त्यातले निम्मे माझ्या हाताखालून गेलेले. शिट्टी ऐकली आणि त्यांचे हात जागच्या जागी थांबले. एक श्वासभर. तेवढ्यात तो माणूस कोपरांवर सरपटत दुकानातल्या पाण्याच्या टबाआड जायला लागला. मी त्याला वाचवायला पुढे झालो आणि कुणाचं तरी डोकं माझ्या तोंडावर आदळलं. चष्मा फुटला. मी पालथा पडलो. पाठीवरून पाय गेले, एक पाय मानेवर पडला. पुढचं मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं.

लोखंड हाडावर बसल्याचा आवाज.

"शेपट्या! टाक ती!" बाईंचा आवाज. इतका चिरका की मला आधी ओळखूच आला नाही.

पुन्हा तोच आवाज.

"मावशी, तू बाजूला हो! पोरीच्या डोक्याला हात घातलाय त्यानं! तीन ठिकाणी बघितलंय मी! तीन ठिकाणी!"

"एकच आहे ते! एकच आहे रे गाढवा, एकच!"

मग तिसरा आवाज, वेगळा, हलका. बाईंनी सळई धरायला हात मध्ये घातला होता.

त्यानंतर गर्दी कशी विरली ते विचारू नका. वाघ म्हणवणारे सगळे मांजराच्या पावलांनी गेले. मी चाचपडत उठलो. टब उलटला होता आणि लाल पाणी रस्त्यावरून गटाराकडे चाललं होतं. बाई रस्त्यावर बसल्या होत्या, त्या माणसाचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि त्यांचा उजवा पंजा मनगटापासून लोंबत होता. समोर शेपट्या. त्याच माणसाची सळई त्याच्या हातात, हात ग्रीसने काळे आणि वर लाल.

"मावशी," तो म्हणाला, "तुला लागलं का गं?"

बाई खाली वाकून त्या माणसाच्या तोंडाशी कान नेत होत्या. तो काहीतरी म्हणत होता. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, नीट ऐकू आलं नाही, उगाच अंदाजाने सांगणार नाही.

संध्याकाळी पोलीस चौकीत आम्हाला जबाबासाठी बोलावलं. पाणीखात्याच्या माणसाला इस्पितळात नेलं होतं. बाईंचा हात प्लास्टरमध्ये होता. शेपट्याला आणि आणखी चौघांना धरून आणलं होतं. शेपट्या बाहेरच्या बाकड्यावर, खिडकीच्या गजाला बेडीने अडकवलेला. दार उघडंच होतं.

फौजदार वयस्क आणि शांत होते. त्यांनी आधी मला विचारलं. मी जे ऐकलं ते सांगितलं आणि म्हटलं, दिसलं मात्र काही नाही, चष्मा फुटला होता. ते खरंच होतं. पुढे ते बाईंकडे वळणार, इतक्यात फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"गेला," ते म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले.

"बाई, आता हा खून झाला," फौजदार हळू आवाजात म्हणाले. "जबाब विचार करून द्या. मोबाईलवर शूटिंग करणारे सगळे पसार आहेत. एक चित्रण हाताला लागलंय, त्यात नुसत्या पाठी दिसतात. सळईला चारपाच जणांचे हात लागलेत, त्यांत तुमचाही. तुम्ही म्हणालात, गर्दीत दिसलं नाही, तर तुम्हाला खोटं ठरवणारा कुणी नाही."

"गर्दी होतीच हो, बाई," मी मध्ये पडलो. "एवढ्या रेटारेटीत कुणाला काय दिसणार! म्हणा ना तसं. एकुलतं लेकरू आहे तुमचं." मी आयुष्यात कुणापुढे एवढं गयावया केलं नसेल. मला त्या मेलेल्या माणसाचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण तो गेला होता, आणि हा बाहेर बाकड्यावर बसला होता, ज्याला मी दोरीवरच्या उड्या शिकवल्या होत्या.

बाई फौजदारांकडे वळल्या.

"त्या माणसाच्या घरी कोण आहे?"

"बायको आणि दोन मुली. निरोप धाडलाय."

"काय सांगितलंत त्यांना?"

"काय सांगणार? गर्दीनं मारलं म्हणून सांगितलं."

"गर्दीनं," बाई म्हणाल्या. त्यांनी डाव्या हाताने खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. "लिहून घ्या. मी हातभर अंतरावर होते. पहिला फटका मी पाहिला नाही, नुसता आवाज ऐकला. तो कुणाचा, ते मला सांगता येणार नाही. दुसरा पाहिला. डोक्यात, डाव्या बाजूला, कानाच्या वर. सळई माझ्या भाच्याच्या हातात होती."

"नक्की?"

"त्याच्या हातांना लहानपणापासून मी साबण लावलाय, साहेब."

फौजदारांनी लिहिलं. "आणखी कोण कोण होतं?"

"बरीच नावं कानावर आली आहेत. पाहिलेलं नाही. ती लिहू नका. एक मात्र लिहा. तपासून बघायला त्याला मी शिकवलं. आणि अर्धंच शिकवलं."

"ते जबाबात बसत नाही, बाई."

"मग राहू द्या."

सही त्यांनी डाव्या हाताने केली. पहिलीतल्या मुलाने गिरवावी तशी वाकडीतिकडी झाली. जबाब एकदा पुरा वाचून पाहिला आणि कागद सरकवला. मला त्यांचा भयंकर राग आला होता. असा राग की शेजारी उभं राहवेना. आणि तरी मी त्यांची पिशवी उचलून त्यांच्या मागे बाहेर आलो.

शेपट्याने मान वर केली. त्याने सगळं ऐकलं होतं. शर्टाच्या बाह्यांवर रक्त वाळून कडक झालं होतं.

"मावशी, तू बघितलंस?"

"हो."

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा शिव्या देईल, किंवा रडेल. मी पुढे होऊन उभा राहिलो.

"पहिला पण मीच मारला होता," तो म्हणाला.

चांगल्या हाताने बाईंनी खिडकीचा गज धरला, त्याच्या बेडीच्या अगदी शेजारी.

"मग ते आत जाऊन तू सांग," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून ऐकलेलं चालणार नाही."

त्याने मान डोलावली. शिपायाकडे बघून "साहेबांना भेटायचंय" म्हणाला. शिपायाने आत विचारलं, परत येऊन बेडी सोडली आणि त्याला दंडाला धरून नेलं. जाताना शेपट्याने हात मागे लपवले, मावशीच्या कपड्यांना लागू नयेत म्हणून. दार बंद झालं.

बाई त्याच्या जागेवर बसल्या. आतून त्याचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते.

"चला बाई, घरी सोडतो," मी म्हटलं.

"तुम्ही जा, सर. तो बाहेर येईपर्यंत मी बसते."